एक नोड बंद पडला तर? तीन नोडच्या सर्व्हर क्लस्टरसाठी हार्डवेअर निवडताना

क्लस्टर, म्हणजे मिळून एक काम करणारे अनेक सर्व्हर, बांधायचं ठरलं की खरेदीची यादी बहुतेक वेळा प्रोसेसरपासून सुरू होते. किती कोअर, किती गिगाहर्ट्झ, कोणती पिढी. मग बोर्ड, मग रॅम, आणि बजेटमध्ये जे उरेल त्यात डिस्क आणि नेटवर्क. हा क्रम उलटा आहे. छोट्या क्लस्टरमध्ये प्रोसेसर बराच वेळ निवांत असतो. खोळंबा होतो तो डिस्कवर लिहिलेलं पक्कं होईपर्यंत थांबण्यात, आणि तोच डेटा दुसऱ्या नोडपर्यंत (क्लस्टरमधल्या एकेका सर्व्हरला नोड म्हणतात) नेणाऱ्या तारेत. म्हणून इथे आधी भाराचा हिशेब, मग एसएसडी, मग नेटवर्क, मग रॅम असा क्रम ठेवला आहे. बोर्ड आणि प्रोसेसर त्यानंतर. प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट तपासायची: तीनपैकी एक नोड आत्ता बंद पडला तर उरलेल्या दोघांना हे पेलेल का?

सॉफ्टवेअर म्हणून प्रॉक्समॉक्स व्हीई धरलं आहे. ते डेबियनवर बसतं, व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात चालणारे अनेक आभासी संगणक) चालवतं आणि क्लस्टरही सांभाळतं. स्टोरेजसाठी त्यातच येणारं, सगळ्या नोडच्या डिस्क मिळून एकच साठा करणारं सेफ. या नावाचा इंग्रजीतल्या 'सुरक्षित'शी संबंध नाही; सेफॅलोपॉड, म्हणजे ऑक्टोपसच्या कुळावरून ते आलंय.

आधी कागदावरचा हिशेब

उदाहरणाला पंधरा-वीस माणसांचं कार्यालय घेऊ. विंडोज सर्व्हरवर टॅली, एक फाइल सर्व्हर, एक डेटाबेस, दोन-तीन अंतर्गत वेब अॅप्लिकेशन, बाकी किरकोळ लिनक्स मशीन. एकूण १२ व्हर्च्युअल मशीन, त्यांना दिलेली रॅम मिळून ८८ जीबी, व्हर्च्युअल कोअर ३४, आणि डिस्कवरचा डेटा २.५ टीबी. हे आकडे अंदाजाने लिहू नका. आत्ता जी मशीन चालू आहेत त्यांची दोन आठवड्यांची सर्वोच्च नोंद घ्या. त्यात महिनाअखेर किंवा जीएसटी रिटर्नचा आठवडा आलाच पाहिजे, नाहीतर हिशेब सुट्टीच्या दिवसांवर बेतला जातो.

याच टप्प्यावर स्वतःला विचारा की सेफची खरंच गरज आहे का. मशीन बंद पडल्यावर अर्धा तास काम थांबलेलं चालत असेल आणि शेवटच्या पंधरा मिनिटांचा डेटा पुन्हा भरता येत असेल, तर दोन नोड आणि त्यांच्यात झेडएफएस या फाइल सिस्टिमचं रेप्लिकेशन, म्हणजे ठरावीक वेळाने प्रत पाठवणं, पुरतं. प्रॉक्समॉक्समध्ये ते मूळ सेटिंगनुसार दर १५ मिनिटांनी चालतं आणि १ मिनिटापर्यंत खाली आणता येतं. अट एवढीच की दोन नोडमध्ये बहुमत होत नाही, म्हणून तिसरं मत देणारं छोटं यंत्र लागतं. रास्पबेरी पाय चालेल. खर्च जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो आणि बिघाड शोधणंही सोपं जातं. एकही व्यवहार गमावायचा नसेल आणि मशीन दोन-तीन मिनिटांत आपोआप दुसरीकडे उभी राहायला हवी असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

एसएसडी: सगळ्यात जास्त विचार इथे

सेफमध्ये डेटाच्या तीन प्रती ठेवायच्या, प्रत्येक नोडवर एक. व्हर्च्युअल मशीनने काही लिहिलं की ते तिन्ही नोडच्या डिस्कवर पक्कं झाल्यावरच 'झालं' असं उत्तर मिळतं. म्हणजे क्लस्टरचा लिहिण्याचा वेग सगळ्यात मंद डिस्क ठरवते. बारा डिस्क चांगल्या आणि एक स्वस्तातली असली, तर ती एक सगळ्यांना आपल्या चालीने चालवते.

'पक्कं झालं' या शब्दातच खरी मेख आहे. साधी एसएसडी डेटा आधी आपल्या तात्पुरत्या स्मृतीत घेते आणि सवडीने कायमच्या चिपवर उतरवते. सेफ मात्र प्रत्येक नोंदीनंतर सांगतं की आत्ताच्या आत्ता कायमच्या जागी उतरव. साध्या ड्राइव्हला मग दर वेळी थांबावं लागतं. खोक्यावर लाखभर आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं तो आकडा) छापलेले असतात, पण या कामात ती अनेकदा काही शे ते हजार-दोन हजारांवर येते. डेटासेंटर श्रेणीच्या ड्राइव्हवर छोट्या कपॅसिटरची रांग असते. वीज गेली तरी त्यातल्या ऊर्जेवर स्मृतीतला डेटा चिपवर उतरतो, म्हणून ती ड्राइव्ह बिनधास्त लगेच 'झालं' म्हणू शकते. याला पॉवर लॉस प्रोटेक्शन, थोडक्यात पीएलपी म्हणतात. माहितीपत्रकात हा शब्द स्पष्ट नसेल तर ती ड्राइव्ह सेफसाठी घेऊ नका. काही कंपन्या 'पॉवर लॉस इम्युनिटी' असे गोलमोल शब्द वापरतात. ते संरक्षण बहुतेकदा आधीच साठलेल्या डेटापुरतं असतं, त्या क्षणी लिहिल्या जात असलेल्या डेटाला नसतं.

साटा या जुन्या जोडणीच्या ड्राइव्हमध्ये सॅमसंग पीएम८९३, मायक्रॉन ५३०० किंवा ५४००, किंग्स्टन डीसी६००एम यांना पीएलपी आहे. त्याहून वेगवान एनव्हीएमईमध्ये सॅमसंग पीएम९ए३ आणि मायक्रॉन ७४५०. मात्र एम.२ आकाराच्या अशा ड्राइव्ह बऱ्याचदा २२११० मापाच्या, म्हणजे ११० मिमी लांब असतात, आणि साध्या बोर्डवरचा स्क्रू ८० मिमीवरच संपतो. ड्राइव्ह हातात आल्यावर हे कळतं, तेव्हा बोर्डचा नकाशा आधीच बघून ठेवा.

आयुष्याचं माप डीडब्ल्यूपीडी. रोज किती वेळा पूर्ण ड्राइव्ह भरून लिहिता येईल, तो आकडा. १.९२ टीबीची १ डीडब्ल्यूपीडीची ड्राइव्ह पाच वर्षांत १.९२ × १८२५, म्हणजे ३५०४ टीबी लिहिणं सोसते. वरच्या कार्यालयाला हे भरपूर आहे. ३ डीडब्ल्यूपीडीच्या महाग ड्राइव्हची गरज फक्त जड डेटाबेसला.

आता संख्या. प्रत्येक नोडमध्ये ७.६८ टीबी हवी असेल, तर ३.८४ च्या दोन घ्यायच्या की १.९२ च्या चार? दोन घेतल्या तर केबल कमी, हिशेब सोपा, म्हणून बरेच जण दोन घेतात. आणि इथेच फसतात. तीन नोड आणि तीन प्रती असल्या की प्रत्येक नोडवर डेटाची पूर्ण प्रत असते. एखादी एसएसडी मेली की सेफ १० मिनिटं वाट बघतं आणि तिच्यावरचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या डिस्कवर पुन्हा उभा करायला घेतं. दोनच डिस्क असतील तर सगळा भार एकीवर येतो. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं, ९० ला नवीन प्रती भरणं थांबवतं आणि ९५ ला लिहिणंच बंद करतं. ते ९५ एका डिस्कने जरी गाठलं तरी तिच्याशी जोडलेली सगळी मशीन गोठतात.

दोन ड्राइव्हच्या रचनेत एक गेल्यावर ३.८४ × ०.८५ = ३.२६ टीबी उरतात. चारच्या रचनेत एक गेल्यावर ५.७६ × ०.८५ = ४.९ टीबी. खरी वापरायची जागा तेवढीच धरा. कच्ची जागा दोन्हीकडे २३ टीबी असूनही एवढा फरक पडतो. आणि स्क्रीनवर ४.९ टीबी हे साधारण ४.४५ टेबीबाइट (१०२४ च्या पटीत मोजलेलं) असं दिसेल, त्यामुळे जागा कमी आली म्हणून विक्रेत्याशी भांडू नका.

बूटसाठी वेगळ्या दोन छोट्या एसएसडी, २४० किंवा ४८० जीबी, झेडएफएस मिररमध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. प्रॉक्समॉक्स क्लस्टरची माहिती दिवसभर डिस्कवर लिहीत असतं. पेनड्राइव्हवर बसवलं तर ती काही महिन्यांत झिजते.

नेटवर्क: तीन तारा आणि स्विच नाही

१ गिगाबिटच्या तारेतून सेकंदाला प्रत्यक्ष ११८ एमबीच्या आसपास जातात. एक साटा एसएसडी एकटीच त्याच्या चौपट-पाचपट वाचते. एक नोड उडाला आणि नव्याने ४ टीबी भरायचे झाले तर १ गिगाबिटवर साडेनऊ तास लागतील, १० गिगाबिटवर कागदोपत्री तासभर. त्या काळात तुमच्याकडे दोनच प्रती असतात, आणि हा काळ जितका कमी तितकं बरं. सेफसाठी १० गिगाबिट हा किमान स्तर आहे. सगळ्या ड्राइव्ह एनव्हीएमई असतील तर २५.

तीनच नोड असतील तर महागडा १० गिगाबिट स्विच लागत नाही. प्रत्येक नोडमध्ये दोन पोर्टचं कार्ड घ्या आणि पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, तिसऱ्यातून पहिल्यात अशा तीन डीएसी केबल (दोन्ही टोकांना प्लग जोडलेल्या तांब्याच्या तारा) लावा. प्रत्येक नोड उरलेल्या दोघांशी थेट जोडला जातो. याला फुल मेश म्हणतात आणि प्रॉक्समॉक्समध्ये ते एफआरआर हे मार्ग ठरवणारं सॉफ्टवेअर वापरून बसवतात. एक तार निघाली तर वाहतूक तिसऱ्या नोडवरून फिरून जाते. स्विच हे बिघाडाचं एक ठिकाणही कमी होतं. चौथा नोड लवकरच येणार असेल तर मात्र स्विचच घ्या, कारण चार नोडच्या मेशला सहा तारा आणि प्रत्येकी तीन पोर्ट लागतात.

कार्डांमध्ये मेलानॉक्स कनेक्टएक्स-४ एलएक्स आणि इंटेल एक्स५२०-डीए२ सहज मिळतात. एक्स५२० दुसऱ्या कंपनीचे एसएफपी मॉड्यूल (पोर्टमध्ये खोचायचे जोड) ओळखायला नकार देतं; ड्रायव्हरला वेगळी सूचना द्यावी लागते. मेलानॉक्स त्या बाबतीत उदार आहे. तांब्याच्या साध्या आरजे-४५ तारेसाठीचे १० गिगाबिट मॉड्यूल हाताला चटका बसेल इतके तापतात, म्हणून एकाच रॅकमध्ये १ किंवा २ मीटरची डीएसी बरी.

कार्ड ज्या स्लॉटमध्ये जाणार तो नीट बघा. बोर्डवरचा दुसरा लांब स्लॉट दिसायला १६ लेनचा, म्हणजे डेटाच्या १६ वाटांचा, असतो, आत तारा चारच असतात. पीसीआयई ३.० च्या ४ लेनमधून सेकंदाला ३.९ जीबी जातात, दोन १० गिगाबिट पोर्टना ते पुरतात. पण एक्स५२० हे पीसीआयई २.० चं कार्ड आहे. ४ लेनमध्ये त्याला २ जीबीच मिळतात, दोन्ही पोर्ट एकदम भरले की कमी पडतात. ३.० च्या एका लेनचा स्लॉट असेल तर एक पोर्टही पूर्ण चालणार नाही.

आता कोरोसिंक. नोड एकमेकांना 'मी जिवंत आहे' असं सतत कळवत असतात, ते काम याचं. त्याला वेग नको, विलंब नको: ५ मिलिसेकंदांच्या आत निरोप पोचला पाहिजे. हे सेफच्याच तारेवर ठेवलं तर नेहमीच्या दिवसात काही कळत नाही. ज्या दिवशी डिस्क मरते आणि भरणीची (डेटा पुन्हा उभा करण्याची) वाहतूक तार तुडुंब करते, त्या दिवशी निरोप अडकतात, नोडना वाटतं की बाकीचे गेले, आणि हाय अॅव्हेलेबिलिटी चालू असेल तर वॉचडॉग हा पहारेकरी टायमर मिनिटभरात नोड रीबूट करतो. कधी तिन्ही एकदम. डिस्क एकच मेली, कार्यालय मात्र पूर्ण बंद. म्हणून बोर्डवरच्या दोन १ गिगाबिट पोर्टपैकी एक केवळ कोरोसिंकला द्या, दुसरा व्हर्च्युअल मशीन आणि व्यवस्थापनाला (यांना साधा १ गिगाबिटचा स्विच पुरतो), आणि कोरोसिंकचा राखीव मार्ग म्हणून मेशची नोंद करून ठेवा.

मेशवर ९००० बाइटची जंबो फ्रेम (डेटाचं नेहमीपेक्षा मोठं पाकीट) लावणार असाल तर तिन्ही नोडवर लावा. एकीकडे राहिली तर साधा पिंग चालतो आणि मोठा डेटा लटकतो. तासन्‌तास सापडत नाही. ८९७२ बाइटचा, तुकडे न करण्याची खूण लावलेला पिंग तिन्ही दिशांनी करून बघा.

रॅम आणि ईसीसी

८८ जीबी व्हर्च्युअल मशीनची. एक नोड गेला की दोघांवर ४४-४४. शिवाय सेफची प्रत्येक डिस्क मूळ सेटिंगने ४ जीबी धरून चालते, भरणीच्या वेळी त्याच्याही वर जाते. चार डिस्कना २० धरा. सेफचे मॉनिटर वगैरे ३, प्रॉक्समॉक्सला ३. बेरीज ७०. म्हणजे ६४ जीबीचा नोड रोज छान चालेल आणि गरजेच्या दिवशी कोसळेल. वाटणी नेमकी निम्मी-निम्मी होत नाही आणि बूट मिररच्या झेडएफएसलाही थोडी कॅश लागते, म्हणून १२८ जीबी घ्या: ३२ च्या चार.

ईसीसी, म्हणजे बिटची चूक ओळखून दुरुस्त करणारी रॅम, हवीच. रॅममधला एक बिट उलटला तर सेफ तो चुकीचा डेटा इमानदारीने तिन्ही नोडवर लिहील. तीन प्रती असल्या तरी तिन्ही चुकीच्याच. डीडीआर५ च्या प्रत्येक पट्टीत 'ऑन-डाय ईसीसी' असते. ती फक्त चिपच्या आतल्या चुका सांभाळते, चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही. तिच्या भरवशावर राहू नका.

रायझेनच्या साध्या बोर्डवर ईसीसी यूडीआयएमएम (डेस्कटॉपच्या पट्ट्या) चालतात, पण प्रत्येक बोर्ड ती खरंच वापरतो असं नाही, आणि 'जी' मालिकेतल्या प्रो नसलेल्या प्रोसेसरमध्ये ती नाहीच. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या कोअर प्रोसेसरना ईसीसीसाठी डब्ल्यू६८० सारख्या चिपसेटचा बोर्ड लागतो. जुन्या सर्व्हरमधून निघालेल्या स्वस्त आरडीआयएमएम (सर्व्हरच्या पट्ट्या) या बोर्डवर चालत नाहीत. खात्री करायची तर लिनक्समध्ये डीएमआयडीकोड चालवून मेमरीचा भाग वाचा. डीडीआर४ च्या पट्टीची एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची ६४ दिसली पाहिजे. दोन्ही ६४ असतील तर ती ईसीसी नाही. सोबत ईडीएसीचा ड्रायव्हर चढलाय का तेही बघा, तरच चुकांची नोंद होईल.

डीडीआर५ वर जाणार असाल तर दोन गोष्टी. एएम५ (नव्या रायझेनच्या) बोर्डवर चार पट्ट्या लावल्या की वेग ३६०० पर्यंत खाली येतो, म्हणून ४८ च्या दोन अधिक बऱ्या, भार ९६ मध्ये बसत असेल तर. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर कितीतरी मिनिटं स्क्रीन काळी राहते. बोर्ड मेमरी जुळवून घेत असतो. तो मेला असं समजून परत करायला धावू नका.

बोर्ड आणि प्रोसेसर

आता इथे निवड बरीच आपोआप झालेली असते. चार साटा डेटाला, दोन बूटला, एक ८ लेनचं कार्ड, चार ईसीसी स्लॉट, दोन नेटवर्क पोर्ट. त्यात भर एकाच गोष्टीची: आयपीएमआय. ती असली की बंद पडलेल्या नोडची स्क्रीन घरून बघता येते, बायोसमध्ये जाता येतं, वीज बंद-चालू करता येते. रात्री अकराला कार्यालयात जाण्याची वेळ येत नाही. एएसरॉक रॅकचा एक्स५७०डी४यू हा अशा कामाचा बोर्ड, त्यावर रायझेन ७ ५७००एक्स: ८ कोअर, १६ थ्रेड, ६५ वॅट. दोन नोड उरले तरी ३२ थ्रेडवर ३४ व्हर्च्युअल कोअर सहज चालतात. आयपीएमआयचा पोर्ट बायोसमध्ये 'डेडिकेटेड' करा. 'फेलओव्हर'वर असला तर तो गुपचूप साध्या नेटवर्क पोर्टवर येऊन बसतो. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला आणि हा पोर्ट इंटरनेटवर कधीही उघडू नका.

एम.२ ड्राइव्ह लावली की काही बोर्डवर दोन साटा पोर्ट बंद होतात. हे मॅन्युअलच्या तळटिपेत असतं. विकत घेण्याआधी मॅन्युअल उतरवून ती तळटीप शोधा.

तिन्ही नोडचा प्रोसेसर एकाच पिढीचा ठेवा. नाहीतर चालू मशीन एका नोडवरून दुसऱ्यावर हलवताना कोसळू शकते. वेगळे घ्यावेच लागले तर व्हर्च्युअल मशीनला 'होस्ट' प्रकार न देता एक्स८६-६४-व्ही३ सारखा समान प्रकार द्या. आणि जास्त कोअरचा मोह होण्याआधी विंडोज सर्व्हरच्या परवान्याचा हिशेब बघा: प्रत्येक सर्व्हरला किमान १६ कोअरचा परवाना लागतो आणि मशीन जिथे जिथे हलू शकते त्या प्रत्येक नोडला लागतो. १६ च्या वरचा प्रत्येक कोअर परवान्याचं बिल वाढवतो.

वापरलेले २यू सर्व्हर स्वस्तात मिळतात, उदाहरणार्थ झिऑन ई५ व्ही४ चे. रॅम स्वस्त, आयपीएमआय आतच. पण असा एक नोड काम नसताना सव्वाशे-दीडशे वॅट सहज खातो आणि त्याच्या पंख्यांचा आवाज माणसं बसतात त्या खोलीत सहन होत नाही. १०० वॅट सतत म्हणजे महिन्याला ७२ युनिट. रायझेनचे तीन नोड आणि स्विच मिळून २२० वॅट धरले तर १५८ युनिट. १५० वॅटचे तीन जुने सर्व्हर ३२४ युनिट, वर एसी वेगळा. घरात बांधत असाल तर हे सगळे युनिट महावितरणच्या तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात. दोन वर्षांचं बिल मांडा आणि मग किंमत स्वस्त वाटतेय का बघा.

बॅकअपची चौथी पेटी

तीन प्रती म्हणजे बॅकअप नाही. कुणी फोल्डर उडवला तर तो तिन्ही ठिकाणी एकदम उडतो. बॅकअप सर्व्हर क्लस्टरच्या बाहेर, वेगळ्या यंत्रावर हवा. इथे हार्ड डिस्क चालतात: ८ टीबीच्या सहा, झेडएफएसच्या रेडझेड२ मध्ये, म्हणजे दोन मेल्या तरी डेटा शाबूत आणि ढोबळ ३२ टीबी जागा. प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर डेटाचे लाखो छोटे तुकडे करतो आणि साफसफाईच्या वेळी सगळ्यांना हात लावतो. नुसत्या हार्ड डिस्कवर ते रात्रभर चालतं. मेटाडेटासाठी दोन एसएसडी 'स्पेशल' म्हणून जोडा. त्या मिररच असायला हव्यात, कारण हा भाग गेला की सगळा पूल जातो.

हार्ड डिस्क सीएमआर प्रकारचीच, म्हणजे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी, घ्या. एसएमआर डिस्क छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक चढलेले पट्टे लिहिते. झेडएफएसमध्ये डिस्क बदलून पुन्हा भरताना तिचा वेग इतका पडतो की दिवसांचे आठवडे होतात. २०२० साली एनएएससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर निघाल्यावर बराच गदारोळ झाला. तेव्हापासून कंपन्या माहितीपत्रकात प्रकार लिहितात. मॉडेल क्रमांकाची अक्षरं ताडून बघा.

साटा पोर्ट कमी पडत असतील तर एलएसआय ९३००-८आय सारखं एचबीए (जादा डिस्क जोडायचं कार्ड), आयटी मोडमध्ये, म्हणजे डिस्क जशाच्या तशा पुढे देणाऱ्या मोडमध्ये. रेड (आरएआयडी) कार्ड नको. झेडएफएसला डिस्क थेट दिसली पाहिजे. ही कार्ड सर्व्हरच्या सोसाट्याच्या हवेसाठी बनलेली असतात. डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये हीटसिंकवर वेगळा छोटा पंखा बसवला नाही तर उन्हाळ्यात डिस्क एकामागून एक गायब होऊ लागतात, आणि दोष डिस्कच्या माथी मारला जातो. वापरलेल्या एसएएस डिस्क ५२० बाइटच्या सेक्टरवर फॉरमॅट असू शकतात. ५१२ वर पुन्हा फॉरमॅट केल्याशिवाय त्या चालत नाहीत. काही मोठ्या साटा डिस्क जोडल्यावर फिरतच नाहीत, कारण एसएमपीएसच्या साटा प्लगमधली ३.३ व्होल्टची तार त्यांना 'बंद राहा' असा इशारा देते. ती पिन कॅप्टॉन या उष्णता सोसणाऱ्या टेपने झाकतात. मोलेक्सवरून साटा करणारे साच्यात ओतलेले स्वस्त अॅडॉप्टर मात्र वापरू नका. ते आतून शॉर्ट होऊन जळतात.

३.५ इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर घेते. सहा डिस्क एकदम म्हणजे १४४ वॅट. एसएमपीएस निवडताना हा क्षण धरा.

बॅकअपची आणखी एक प्रत इमारतीबाहेर हवी: १६ टीबीच्या दोन डिस्क, आठवड्याआड अदलाबदल.

वीज, उष्णता, ओल

नोडला ४५० वॅटचा ८० प्लस गोल्ड एसएमपीएस पुरतो. यूपीएस १ केव्हीएचा ऑनलाइन घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर क्लस्टर टाकू नका: पूर्ण भारावर एसएमपीएस वीज गेल्यापासून १६-१७ मिलिसेकंद तग धरतो आणि इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. यूपीएसची यूएसबी तार एका नोडला लावा आणि नट या सॉफ्टवेअरने बाकीच्यांना निरोप पोचवा. हा निरोप १ गिगाबिटच्या स्विचमधून जातो, म्हणून स्विचही यूपीएसवरच हवा. हे हटकून विसरलं जातं. दुसरी विसरलेली गोष्ट: नोड बंद झाल्यावर नटने यूपीएसलाही वीज तोडायला सांगितलं पाहिजे. नाहीतर मधल्या काळात वीज परत आली तर नोडना ती गेल्याचं कळतच नाही, आणि 'वीज आली की चालू हो' ही बायोसची सूचना निरुपयोगी ठरते.

बसवण्याआधी न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजून घ्या. २-३ व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन, मग सर्व्हर. विदर्भातल्या मे महिन्यात बंद खोलीत एसीशिवाय क्लस्टर चालवायचा विचारही नको. कोकणात आणि गोव्यात प्रश्न ओलीचा आणि खाऱ्या हवेचा, संपर्क गंजतात. तिथे यंत्र बंद ठेवण्यापेक्षा चालू ठेवलेलं बरं, आणि दर सहा महिन्यांनी कार्ड व पट्ट्या काढून संपर्क पुसायचे.

खरेदी आणि पारख

लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि दुकानातच अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा. सगळ्या एसएसडी एकाच खोक्यातून घेऊ नका. एका खेपेच्या ड्राइव्ह सारख्याच वेळी दगा देऊ शकतात. यादीत एक जादा एसएसडी, एक एसएमपीएस आणि एक डीएसी केबल धरा.

माल आल्यावर घाईने क्लस्टर उभं करू नका. रॅमवर मेमटेस्ट २४ तास चालवा. प्रत्येक रिकाम्या एसएसडीवर एफआयओ या चाचणीच्या साधनाने ४ केचा ब्लॉक, क्यू डेप्थ १ (एका वेळी एकच विनंती), सिंक आणि डायरेक्ट चालू ठेवून पाच मिनिटं लिहा. पीएलपीची ड्राइव्ह दहा हजारांच्या पुढे आयओपीएस दाखवेल. हजाराच्या आसपास अडकली तर ती चुकीची किंवा बनावट आहे, परत करा. ही चाचणी डेटा पुसते, म्हणून ड्राइव्हचं नाव दोनदा वाचून मगच एंटर दाबा.

हार्ड डिस्कवर बॅडब्लॉक्सची लिहून वाचायची चाचणी. ब्लॉकचा आकार ४०९६ द्या, नाहीतर ८ टीबीची डिस्क ती स्वीकारतच नाही. चार नमुने, प्रत्येकी एकदा लिहिणं, एकदा वाचणं, मिळून आठ फेऱ्या. सरासरी १८० एमबीच्या वेगाने चार दिवस लागतात. सहाही डिस्क एकदम लावा, वेळ तेवढाच. संपल्यावर स्मार्टच्या, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या, नोंदी बघा: ५, १९७ किंवा १९८ शून्याच्या वर गेला तर डिस्क परत; नुसता १९९ वाढला तर केबल बदला.

तारांवर वेग मोजणारं आयपर्फ३, तिन्ही जोड्या, दोन्ही दिशा. ९ गिगाबिटच्या वर आलं पाहिजे.

मग क्लस्टर बांधा, पण त्यावर खरं काम आणण्याआधी एक पूर्ण दिवस मोडतोडीला द्या. चाचणीची व्हर्च्युअल मशीन चालू ठेवून एक डीएसी काढा; काम थांबता कामा नये. एक एसएसडी ओढून काढा आणि दहा मिनिटांनी भरणी सुरू होते का, डिस्क किती टक्क्यांवर जाते, कोरोसिंक शांत राहतं का ते बघा. शेवटी एका नोडची वायर सॉकेटमधून खेचा. त्याच्यावरची मशीन दोन-तीन मिनिटांत दुसरीकडे उभी राहिली पाहिजेत. मग उरलेल्या दोघांची रॅम, प्रोसेसरचं तापमान आणि यूपीएसवरचा भार वहीत उतरवा, आणि सुरुवातीच्या कागदावरच्या हिशेबाशेजारी ठेवून ताडून पाहा. हाच प्रयोग तिन्ही नोडवर आळीपाळीने करायचा. प्रत्येक वेळी सेफ पुन्हा हिरवं झाल्यावरच पुढचा.